घरातील मांजर आणि येणारे बाळ

कामगारांच्या प्रश्नांवर बोलणाऱ्या माणसाने मांजरावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण या विषयात माझी एक चूक गुंतलेली आहे.

माझी मुलगी जन्मणार होती तेव्हा आई म्हणाली, "बाळंतिणीच्या घरात मांजर नको रे." मी आमची मांजरी पोत्यात घातली आणि हॅरिस पूल ओलांडून बोपोडीच्या बाजूला सोडून आलो. ती परतली नाही. माहेरून आलेल्या पत्नीने विचारले, "अहो, मनी कुठे?" मला उत्तर देता आले नाही. परवा सून गरोदर राहिली आणि घरात पुन्हा मांजर होते. या वेळी मी आधी पशुवैद्यांना गाठले.

भीतीत खरे किती ते पाहू. मांजर बाळाचा श्वास शोषते हे खोटे. ते ऊब शोधते. मात्र तोंडाजवळ निजले तर तान्ह्याला मान वळवता येत नाही, म्हणून पाळण्यात त्याला येऊ देऊ नये. बंगालमध्ये तर मुलांची राखण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहनच मांजर आहे!

खरा धोका टॉक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म जंतूचा. तो १९०८ साली शोधला गेला. गरोदरपणी त्याची प्रथमच लागण झाली, तर गर्भाला इजा होऊ शकते. मांजराच्या विष्ठेतून पडलेली त्याची बीजे लागण करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून वाळूची पाटी रोज साफ करावी, आणि ते काम गर्भवतीने न करता घरातील दुसऱ्याने करावे. हा जंतू कच्च्या मांसातून आणि माती लागलेल्या भाजीतूनही येतो. तेव्हा मांजर हाकलले आणि भाजी न धुता खाल्ली, तर साधले काय?

आता तयारी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ कलमात, कामाच्या अटी बदलण्यापूर्वी कामगाराला २१ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद होती. मांजरालाही नोटीस लागते. त्याचे जग वासाचे आणि ठरल्या जागेचे. पाळणा महिनाभर आधी बांधावा. मांजर चढले की न मारता उतरवावे आणि उंचावर त्याला स्वतःचे खोके द्यावे. जेवण देण्याचे काम आधीच दुसऱ्याने घ्यावे, म्हणजे तुटवड्याचा दोष बाळावर येत नाही. रेबीजची लस टोचावी, जंताचे औषध द्यावे, नखांची टोके कापावीत.

पहिले बाळंतपण माहेरी होते, ही आपली रीत येथे उपयोगी पडते. बाळाचे वापरलेले दुपटे आधी घरी आणून एका कोपऱ्यात ठेवावे. मांजराला हुंगू द्यावे. बाळ येईल त्या दिवशी ते दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि आईने आधी मांजराला गोंजारावे. पुढे दोघांना एकटे कधीही सोडू नये. ओरखडा वा चावा झालाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व लगेच दवाखाना गाठावा.

आमचा नातू आता रांगतो. मांजर खोक्यावरून त्याच्याकडे बघत बसते. जो बोलू शकत नाही त्याला न विचारता घराबाहेर काढणे सोपे असते. कारखान्यात ज्याला मी आयुष्यभर अन्याय म्हटले, तो घरात मी स्वतः केला होता, एवढेच सांगायचे होते.