हपुषेची ओळख

हपुषा हें नांव वैद्यकग्रंथांतून आमच्या वाचकांस परिचित असेल. परंतु तिचें झाड पाहिलेले थोडेच, कारण आपल्या देशांत तें हिमालयांतच उंचावर होतें. आपल्याकडे येतें तें वाळलेलें फळ; आणि त्याच पर्वतांत तिचीं भावंडेंही वाढत असल्यामुळें फसगत होण्यास वाव पुष्कळ.

खरी हपुषा म्हणजे सदा हिरवें, तिकडे बहुधा जमिनीलगत पसरणारें झुडूप. पानें सुईसारखीं, टोंचणारीं, तीन-तीनांच्या वेढ्यांत. पानाच्या वरच्या अंगास एकच पांढरा पट्टा. पान बुडाशीं सांध्यानें जोडलेलें असतें, डहाळीवर उतरत नाहीं. ही खूण पक्की समजावी. भावंडांपैकीं कित्येकांचीं पानें खवल्यांसारखीं डहाळीस चिकटलेलीं असतात. मात्र लहान वयांत तींही सुईसारखींच दिसतात, म्हणून एका डहाळीवरून निर्णय करूं नये.

फळ वाटाण्याएवढें, पिकल्यावर निळसर काळें. पिकण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो. टोंकाशीं तीन रेघांची चांदणी, आंत बहुधा तीन बिया. फळामागून फळ फोडून एकेकच बी निघालें, तर माल भावंडाचा समजावा. भावप्रकाशांत हिला मत्स्यगंधा म्हटलें आहे. आमच्या नाकास मात्र टर्पेंटाइनसारखाच वास येतो! केवळ नांवावरून वनस्पति ठरविणारांनीं याचा विचार करावा.

चूर्ण विकत घेऊं नये. त्यांत कांहींच ओळखूं येत नाहीं. फळेंच आणावीं, फोडून पाहावीं, आणि वैद्यास विचारूनच घ्यावीं. गर्भवतीस तर तीं देऊंच नयेत.