सगळ्या चाव्या सरकारकडे? 'की एस्क्रो'ला नाही म्हणायची दोन कारणं

हिंजवडीत आयटीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. ऑफिसच्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्टेड असते आणि तिची रिकव्हरी की बहुतेक वेळा कंपनीच्या आयटी टीमकडेही असते. चावीची एक प्रत अशी दुसऱ्याकडे ठेवणं म्हणजे 'की एस्क्रो'. याचा कुणाला राग येत नाही, कारण लॅपटॉप कंपनीचाच असतो.

आता लॅपटॉपच्या जागी तुमचा फोन ठेवा आणि आयटी टीमच्या जागी सरकार.

अमेरिकेने १९९३ मध्ये हेच करून पाहिलं. 'क्लिपर' चिप फोनवरचं बोलणं एन्क्रिप्ट करणार, पण प्रत्येक चिपच्या चावीचे दोन भाग दोन सरकारी खात्यांकडे राहणार. १९९४ मध्ये बेल लॅब्सचे मॅट ब्लेझ यांनी त्यातली चूक दाखवली. पोलिसांना योग्य चावीपर्यंत नेणाऱ्या माहितीची खातरजमा फक्त १६ बिटांवर होती, म्हणजे ६५,५३६ शक्यता. कॉम्प्युटरने तेवढ्या ट्राय करून खोटी माहिती घुसवता येत होती. बोलणं एन्क्रिप्टेडच, पोलिसांच्या हाती मात्र शून्य! पुढे क्लिपर गुंडाळला गेला.

म्हणून बरेच जण म्हणतात, 'सिस्टीमच कच्ची आहे, नको.' मुद्दा खरा आहे. सगळ्या चाव्या एका जागी असल्या की चोराला घरोघर फिरावंच लागत नाही. पण विरोध फक्त बगवर उभा असेल, तर बग फिक्स झाल्यावर काय बोलणार?

इथे मुंबई हायकोर्टाचा २२ ऑक्टोबर २०१९ चा निकाल बघा. लाचखोरीच्या प्रकरणात एका व्यावसायिकाचा फोन टॅप करायला केंद्रीय गृहखात्याने परवानगी दिली होती. टॅपिंग व्यवस्थित चाललं होतं, तांत्रिक बिघाड काहीच नव्हता. तरी कोर्टाने ते आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, ही कायद्यातली अटच पूर्ण होत नव्हती. आधार होता २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि हे एका फोनबद्दल होतं. एस्क्रोमध्ये तर संशय नसतानाच प्रत्येकाची चावी आधी जमा करून घेतात.

आपल्याकडेही सप्टेंबर २०१५ मध्ये एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला होता. एन्क्रिप्ट केलेल्या मेसेजची साधी, वाचता येणारी प्रत ९० दिवस जपून ठेवा, असं त्यात होतं. (रोजचे गुड मॉर्निंग धरून!) इतका गदारोळ झाला, की काही दिवसांतच सरकारने तो मागे घेतला.

मग २०२१ चे आयटी नियम आले: मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते सांगा. त्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली हायकोर्टात गेलं, तेव्हा दोन्ही कारणं मांडली. यामुळे एन्क्रिप्शन तुटतं, आणि खासगीपणाचा हक्कही.