टेंभूचा संपादक पडद्यावर

टेंभू म्हटलं की सांगलीच्या दुष्काळी भागाला आता उपसा सिंचन योजनाच आठवते. कराडजवळच्या याच गावात १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. 'केसरी'चे ते पहिले संपादक. ओम राऊत यांच्या 'लोकमान्य : एक युगपुरुष' (२०१५) या चित्रपटात ते दिसतात, पण टिळकांशी वाद घालणारे मित्र म्हणून. चरित्रपटांचा हा जुनाच खाक्या : नायक एक, बाकीचे त्याला टेकू. अग्रलेख लिहीत बसलेला माणूस कॅमेऱ्याला कंटाळवाणा वाटतो. मग लेखणी मागे पडते, भांडण पुढे येतं. एरवी आगरकरांच्या आयुष्यात नाट्य काय कमी होतं? १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस, १८८८ मध्ये सुरू केलेलं 'सुधारक' साप्ताहिक, आणि विरोधकांनी जिवंतपणीच काढलेली प्रेतयात्रा! ते नायक असते, तर पटकथा बहुधा तिथूनच सुरू झाली असती.