आनीच्या पपायरसवरचे पक्षी कसे वाचावेत

प्राचीन इजिप्तच्या धर्मातले पक्षी समजून घ्यायचे असतील, तर आपण प्रतीकांच्या यादीपासून सुरुवात करू नये. ‘ससाणा म्हणजे शक्ती, घुबड म्हणजे ज्ञान’ अशा याद्या लवकर पाठ होतात, पण प्रत्यक्ष चित्रासमोर उभे राहिल्यावर हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एकच चित्र घ्यावे आणि ते सावकाश पाहावे.

त्यासाठी आनी नावाच्या लेखनिकाचा पपायरस फार चांगला. पपायरस म्हणजे नाईलकाठच्या उंच पाणवनस्पतीच्या गाभ्यापासून केलेला कागद. ही गुंडाळी इ.स.पू. १२५०च्या सुमाराची आहे आणि आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मृताला परलोकाची वाट सापडावी म्हणून थडग्यात त्याच्यासोबत मंत्र ठेवत. तिथल्या या मंत्रसंग्रहांना आज ‘मृतांचे पुस्तक’ म्हणतात. आनीच्या प्रतीतले मृत्यूनंतरच्या न्यायनिवाड्याचे चित्र आपण समोर उघडून ठेवावे.

आधी अक्षरे बाजूला काढा. चित्राभोवतीच्या मजकुरात पक्षीच पक्षी दिसतात आणि बहुतेक जण इथेच फसतात. त्यातले घुबड हे ‘म’ या ध्वनीचे चिन्ह आहे, लाव्याचे पिल्लू ‘व’ किंवा ‘उ’चे. ते कोणी देव नव्हेत. इजिप्तच्या लिपीतल्या दोन पक्ष्यांकडे तर फार जवळून पाहावे लागते. अंगाने दोघे जवळजवळ सारखेच, पण भिंगरीची शेपटी दुभंगलेली असते आणि चिमणीची गोलसर. भिंगरी ‘थोर’ या शब्दात येते, चिमणी ‘लहान’ आणि ‘वाईट’ या अर्थाच्या शब्दांत. अर्थ पालटतो तो तेवढ्या शेपटीने.

आता तराजूकडे या. एका पारड्यात आनीचे हृदय, दुसऱ्यात शहामृगाचे पीस. हे पीस म्हणजे ‘मात’. सत्य, न्याय आणि जगाची नीट लागलेली घडी, या सगळ्यांना मिळून तो एक शब्द, आणि त्याच नावाची देवीही. ‘हृदय पिसाहून हलके असावे लागते’ असे पुष्कळदा सांगितले जाते. पण चित्रात नीट पाहिले तर दोन्ही पारडी एका पातळीत आहेत. अपेक्षा आहे ती समतोलाची.

तराजूच्या डाव्या बाजूला माणसाचे तोंड असलेला एक पक्षी उभा आहे. तो आनीचा ‘बा’. ‘बा’ला आत्मा म्हटले की आपले काम सोपे होते, आणि चुकतेही तिथेच. ‘बा’ दिवसा थडग्याबाहेर पडून उन्हात हिंडतो, पण रात्री त्याला आपल्या देहाकडे परतावेच लागते. याच गुंडाळीत दुसरीकडे तो पंख पसरून ममीच्या वर तरंगतो आहे. पायांच्या नख्यांत गोल कडी आहेत, ‘शेन’ नावाची, अखंडतेची खूण. देह टिकवण्याची एवढी धडपड इजिप्तच्या लोकांनी का केली, ते या एका चित्रावरून कळते. इजिप्तचे लोक पुनर्जन्म मानत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवले आहे, पण त्यांच्या स्वतःच्या मंत्रांतून तसे दिसत नाही. आपल्याकडच्या वाचकाला इथे पिंडाला शिवणारा कावळाही आठवेल. तो मात्र मृताची इच्छा राहिली की फिटली ते सांगतो. ‘बा’ हा खुद्द तो माणूसच, पंख लाभलेला.

तराजूच्या दुसऱ्या बाजूला लेखणी घेऊन उभा आहे थॉथ. याचे डोके शराटीचे, म्हणजे चिखलात चोच खुपसून भक्ष्य शोधणाऱ्या पाणपक्ष्याचे. आपल्या तळ्यांवर पांढरा शराटी दिसतो, त्याचाच हा जवळचा नातलग. थॉथ हा चंद्राचा, कालगणनेचा आणि लेखनाचा देव. ती वाकडी चोच चंद्रकोरीसारखी दिसते, म्हणून हे नाते जुळले असावे असे अनेक अभ्यासक मानतात. सक्कारा आणि तुना अल-गबल इथल्या भुयारांत या पक्ष्याच्या लाखो ममी मिळाल्या. भाविकांनी त्या थॉथला वाहिल्या होत्या. पक्ष्यालाच देव मानत असते, तर त्याला मारून अर्पण केले नसते. देव त्या रूपातून प्रकट होतो, अशी ती श्रद्धा होती.

पुढे ससाणे येतात, आणि ससाणा दिसला की ‘हा होरस देव’ म्हणून मोकळे होण्याची घाई होते. तेव्हा डोक्यावर काय आहे ते आधी पाहा. आनीचा हात धरून त्याला मृतांचा देव ओसायरिस याच्याकडे नेणाऱ्याच्या डोक्यावर दुहेरी मुकुट आहे, तो होरस. वरच्या रांगेत बसलेल्या देवांपैकी ज्याच्या डोक्यावर सूर्यबिंब आहे, तो रा-होराख्ती. ओसायरिससमोर कमळावर चार छोट्या आकृती उभ्या आहेत. त्यांतली ससाण्याच्या तोंडाची आकृती केबेहसेनुएफची, होरसच्या चार मुलांपैकी एकाची. चेहरा एकच, देव तीन.

गिधाड या चित्रात नाही, पण इतरत्र ते सारखे भेटते आणि आपल्या मनात लगेच अशुभाची पाल चुकचुकते. ती भावना इथे दूर ठेवावी. इजिप्तच्या लिपीत ‘आई’ हा शब्दच गिधाडाच्या चिन्हाने लिहीत. मूत ही देवी म्हणजे तीच आई, आणि राजाचे रक्षण करणारी नेखबेतही गिधाडरूपच. तुतनखामून राजाच्या सोन्याच्या मुखवट्यावर कपाळाशी नागाशेजारी गिधाडाचे डोके आहे, ते तिचेच.

शेवटी गुंडाळीतल्या सतराव्या मंत्राच्या चित्रांकडे वळा. तिथे बेन्नू आहे, डोक्यावर दोन लांब पिसे असलेला बगळा, सूर्याशी आणि सृष्टीच्या पहिल्या पहाटेशी जोडलेला. त्यालाच फिनिक्स समजून ‘स्वतःच्या राखेतून उठणारा पक्षी’ म्हणतात, पण ती आग आणि ती राख इजिप्तच्या मंत्रांत नाही.

तिथेच एका मांडवात आनीची ममी निजलेली आहे, आणि उशाशी एक, पायथ्याशी एक असे दोन शिकारी पक्षी बसले आहेत. या आयसिस आणि नेफ्थिस, ओसायरिससाठी शोक करणाऱ्या बहिणी, घारीच्या रूपात. इजिप्तमधल्या अंत्ययात्रेत शोक करणाऱ्या दोन बायकांनाही ‘घार’ असेच म्हणत. दुपारच्या वेळी गच्चीवर घारीची ती लांबत, थरथरत जाणारी शीळ आपण ऐकली असेल, तर हे नाव का पडले ते निराळे सांगावे लागणार नाही.