एक संगणक, दोन कामे

गेल्या दिवाळीत आमच्या ओळखीच्या एका अकरावीतल्या मुलाने सुटे भाग आणून घरीच संगणक जोडला. वडिलांच्या बोनसचा बराचसा वाटा त्यात गेला. संगणकावर खेळ खेळायचे आणि खेळता खेळताच ते इंटरनेटवरून मित्रांना थेट दाखवायचे, असा त्याचा बेत होता. मोटारशर्यत सुरू झाली. त्याच्या पडद्यावर चित्र अगदी सुरळीत दिसत होते, पण मित्रांचे फोन येऊ लागले, "अरे, तुझी मोटार बेडकासारखी उड्या मारते आहे!" कोणीतरी सांगितले, रॅम कमी पडते. त्याने १६ जीबी होती ती ३२ केली. मोटार उड्या मारीतच राहिली.

असे का झाले? त्यासाठी थोडे गणित करू. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके धरले, तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात आणि सेकंदाला अशी ६० चित्रे निघतात. गुणाकार करून पाहा : दर सेकंदाला जवळजवळ ३ अब्ज बिट! थेट प्रक्षेपणात मात्र सेकंदाला साधारण ६० लाख बिटच पाठवले जातात. म्हणजे माहिती सुमारे ५०० पटींनी आकसावी लागते, आणि तीही पाहणाऱ्याच्या लक्षात न येता.

ही किमया कशी होते? क्रिकेटचा सामना आठवा. गोलंदाज धावत येतो तेव्हा खेळपट्टी, यष्टी, सीमारेषा जागच्या जागीच असतात. मग प्रत्येक चित्र नव्याने कशाला पाठवायचे? आधीच्या चित्रात काय बदलले, कोणता तुकडा कोणीकडे सरकला, एवढेच कळवले की काम भागते. यालाच एन्कोडिंग म्हणतात. मोटारशर्यतीत मात्र रस्ता, झाडे, आकाश सारेच सरकत असते. म्हणून तेथे ते फार जड जाते.

म्हणजे आपल्या संगणकाला एकाच वेळी दोन कामे आहेत : चित्र काढणे आणि चित्र आकसणे. ६० चित्रांच्या हिशेबाने एका चित्रामागे मिळतो सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. पहिले काम मुख्यतः ग्राफिक्स कार्ड करते. दुसरे काम प्रोसेसरकडून करवून घेता येते, किंवा त्यासाठी ग्राफिक्स कार्डातच बसवलेल्या स्वतंत्र मंडलाकडून. २०१२ च्या सुमारास असे मंडल असलेली कार्डे बाजारात येऊ लागली.

आमच्या मित्राने हे काम प्रोसेसरवर टाकले होते. त्याच्या प्रोसेसरचे चारही गाभे खेळाचे हिशेब करण्यातच गुंतलेले. त्यामुळे आकसण्याचे काम वेळेत संपेना आणि मधली चित्रे गळत. त्याच्या स्वतःच्या पडद्यावर जाणारे चित्र आकसावे लागतच नाही, म्हणून त्याला काहीच कळत नव्हते!

गंमत अशी की, याचे निदान त्याच्या समोरच होते. प्रक्षेपणासाठी तो ओबीएस हा मोफत प्रोग्रॅम वापरत होता. त्यात तीन आकडे वेगवेगळे दाखवतात : इंटरनेट अपुरे पडल्याने किती चित्रे गेली, चित्र रचायला उशीर झाल्याने किती, आणि एन्कोडिंगला उशीर झाल्याने किती. त्याचा तिसरा आकडा भराभर वाढत होता. रॅमचा येथे काही संबंधच नव्हता. त्याने एन्कोडिंग ग्राफिक्स कार्डाकडे सोपवले. शिवाय खेळाची चित्रे सेकंदाला ११० निघत होती, त्यांना ६० ची मर्यादा घातली. मोटार सरळ धावू लागली. खर्च शून्य.

तेव्हा भाग निवडताना आधी ग्राफिक्स कार्ड ठरवावे आणि त्यात एन्कोडिंगचे मंडल आहे ना, हे पाहावे. खेळाबरोबर गप्पा, कॅमेरा, आवाज हेही सांभाळायचे असल्याने प्रोसेसर सहा गाभ्यांचा असला तर बरे. १६ जीबी रॅम घ्यायची तर १६ ची एक पट्टी न घेता ८ च्या दोन घ्याव्यात. डीडीआर४-३२०० जातीची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देते. दोन पट्ट्या मदरबोर्डावर योग्य खाचांत बसवल्या तर दोन वाटा उघडतात आणि हा वेग दुप्पट होतो. एसएसडीने खेळ लवकर उघडतो, सेकंदाची चित्रे त्याने वाढत नाहीत.

लॅमिंग्टन रोडवर असो वा गावातल्या दुकानात, काटकसर नेहमी पॉवर सप्लायवर येते. तो डब्यात लपतो, शोभेचा दिवाही त्यावर नसतो! पण हिशेब पाहा. कार्ड २०० वॅट, प्रोसेसर १०० आणि बाकीचे ५० धरले तर ३५० वॅट झाले. यातली बहुतेक वीज १२ व्होल्टवर जाते; ३०० वॅट धरले तरी प्रवाह २५ अँपिअर होतो. शिवाय कार्डाची मागणी क्षणभर एकदम उसळते. अशा वेळी हलका सप्लाय संगणक बंद पाडतो, आणि त्यात संरक्षक मंडल नसेल तर जाताना मदरबोर्डालाही घेऊन जातो. म्हणून ३५० च्या हिशेबाला ५५० ते ६५० वॅटचा, नावाजलेला सप्लाय घ्यावा. ही ३५० वॅट वीज शेवटी उष्णताच होते. मेमध्ये बंद खोलीत तीन तास खेळून पाहा, मग पेटीला जाळी आणि पंखे का हवेत ते कोणी सांगावे लागणार नाही.

आमच्या मित्राच्या जास्तीच्या दोन पट्ट्या आता त्याच्या ताईच्या जुन्या संगणकात आहेत.