दिग्रसच्या हवेचा जमाखर्च

उलंगवाडी झाली, म्हणजे शेतातला शेवटचा कापूस वेचून संपला, की दिग्रस तालुक्यात धुऱ्याधुऱ्यांवर पऱ्हाट्यांचे ढीग रचले जातात आणि तिन्हीसांजेला पेटविले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी गावावर जे करडे पटल दिसते त्याला आपण धुके म्हणतो. परंतु त्यात धुराचा वाटा मोठा असतो. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार व जड होते आणि वर चढू शकत नाही. पऱ्हाट्यांचा व चुलींचा धूर, जिनिंगमधील रुईची धूळ आणि वाढत्या वाहनांची काजळी तिच्यातच कोंडून राहते. पुढे नवतप्यात धूळ उडते, आणि मृग बरसला म्हणजे हवा एकदाची धुतली जाते.

शेतकरी पऱ्हाट्या जाळतो तो हौसेने नव्हे. गुलाबी बोंडअळीचे चक्र तोडण्यासाठी त्या शेतातून काढणे आवश्यकच असते, आणि जाळणे हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. अर्थात, स्वस्त कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. काडेपेटीची किंमत शेतकऱ्याच्या हिशेबात येते. शेजारच्या वस्तीतील दमेकऱ्याच्या औषधाची येत नाही. खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील ही तफावत आम्ही वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवितो. तिचे उदाहरण मात्र खिडकीबाहेरच असते.

ही तफावत किती भयंकर होऊ शकते, हे आपल्या जिल्ह्याने 2017 मध्ये पाहिले. त्या हंगामात कपाशी डोक्याएवढी वाढली होती. दमट उकाड्यात, तोंडावर धड फडकेही नसताना, मजूर कीटकनाशकांची मिश्रणे फवारीत होते. वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कापसाच्या भावात या जिवांची किंमत कोठेही धरलेली नव्हती.

आता शासकीय बाजू पाहू. 2019 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात विदर्भातील नागपूर, चंद्रपूर, अमरावती व अकोला ही शहरे आहेत. ही निवड हवेच्या मोजणीच्या आकड्यांवरून झाली. म्हणजेच जेथे मोजणी नाही, तेथे प्रदूषणही नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. आपल्या 2009 च्या मानकानुसार त्यांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ही मर्यादा 15 पर्यंत खाली आणली. माघातल्या सकाळी दिग्रसमध्ये हा आकडा किती असतो, हे येथील नागरिकाला कळण्याची सोय हवी.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. तिच्यापासून जळाऊ कांड्या व दाबफळ्या तयार करता येतात, हे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने दाखवून दिले आहे. अडचण आहे ती गोळा करण्याच्या व वाहतुकीच्या खर्चाची. आणि तो एकट्या शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. बाजार समिती, नगरपरिषद आणि जिनिंगधारक यांनी मिळून भाड्याने कुट्टीयंत्रे पुरवावीत. मजुराचा मुखवटा व हातमोजे हा फवारणीच्या खर्चाचाच भाग समजला जावा. एखाद्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या गच्चीवर मोजणीचे यंत्र बसवून रोजचा आकडा फळ्यावर लिहावा.

बाजारात कापसाचे वजन होताना किलोभर घट आली तरी आपण हुज्जत घालतो. दिवसरात्र छातीत भरून घेतलेल्या हवेबाबत मात्र कोणी काटा मागत नाही. तो मागण्यास प्रारंभ करणे, हे सुशिक्षितांचे पहिले कर्तव्य आहे.