घराचं दप्तर आईकडे

एका आडनावाच्या, एका मूळगावाच्या घराण्याची पिढीवार नोंद म्हणजे कुलवृत्तांत. विसाव्या शतकात कोकणातल्या कितीतरी घराण्यांनी असे जाडजूड ग्रंथ छापले. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत कोकणातून आणि गिरगाव-दादरच्या चाळींतून आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती, त्यामुळे माहितीपत्रके भरून घेणारे हौशी कार्यकर्ते इथल्या सोसायट्यांचे जिने चढत आले आहेत. छापील ग्रंथावर संपादक म्हणून बहुधा पुरुषाचे नाव असते. पत्रक भरताना मात्र तोच पुरुष स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतो, ‘आई, बापूकाकांचं कागदावरचं नाव काय गं?’

हा प्रश्न साधा नाही. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे एकाच घरात एक नाव दोन-तीनदा येते आणि व्यवहारात सगळे अण्णा, नाना, बापू. कोणता अण्णा कोणत्या सालातला, हे सांगणारी बाई गेली की कागद असून नसल्यासारखे होतात. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह आणि त्यांच्या बायका अशा तीन पिढ्यांची नावे उच्चारली जातात. त्यापलीकडचे बहुतेक घरांत आठवणीवरच चालते. आईला तर दोन घराणी पाठ असतात, सासरचे आणि माहेरचे. कुलवृत्तांतात तिच्या वाट्याला येते ती ‘पत्नी’ या शब्दापुढची जेमतेम अर्धी ओळ. हा कंजूषपणा त्या ग्रंथांचा मोठाच दोष.

तिची कालगणनाही वेगळी. प्लेगचे साल, 1918 च्या मानमोडीचे (इन्फ्लुएंझाच्या साथीचे) साल, 1961 च्या पानशेतच्या पुराचे साल, 1972 चा दुष्काळ. थोरला दुष्काळात झाला म्हटले की धाकटीचे वर्ष आपोआप निघते. जुन्या पत्रिकेत शक आणि तिथी असते. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींना मात्र 79 मिळवावे लागतात. पौष-माघातल्या जन्माचे वर्ष एकाने चुकते ते इथेच. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा 1969 चा. त्याआधीच्या अनेक जन्मांचा पुरावा म्हणजे पत्र्याच्या पेटीतली ती पत्रिका आणि ती वाचून दाखवणारी आई. 26 जुलै 2005 च्या पावसात कल्याण-बदलापूर पट्ट्यात उल्हास नदीचे पाणी घरांत शिरले. अशा पाण्यात कागदाचा लगदा होतो; मग उरते ते तोंडी सांगितलेलेच.

या आठवणींचा उपयोग केवळ हौसेचा नाही. जात पडताळणीला वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते आणि तिला जुन्या नोंदींचा आधार लागतो: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना 14, कोतवाल बुक, जे मिळेल ते शोधावे लागते. आजोबा शाळेतच गेले नसतील, पण त्यांची बहीण चौथीपर्यंत शिकलेली असू शकते. तिची नोंद माहेरच्या नावाने असते आणि ते नाव ठाऊक असते घरातल्या म्हातारीला.

अशा आठवणी क्वचितच पुस्तकात उतरल्या. कल्याणला 1865 साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिले, पण ते एका असामान्य स्त्रीचे. घर चालवता चालवता घराची हकीकत सांगणारी आई भेटते ती आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांच्या ‘माझे पुराण’मध्ये. लहानपणी वैधव्य आलेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या बायांनी 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. 1944 साली आलेल्या या पुस्तकाचे संपादन सून कावेरी कर्वे यांनी केले. दुसरी सून इरावती कर्वे. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ 1953 चा. एका घरात सासूने नाती जगून सांगितली आणि सुनेने त्यांचे शास्त्र लिहिले, हा योग विरळाच.

सरकारी कागदाने आईची दखल उशिरा घेतली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार, मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. आधीच्या पिढ्यांच्या आया अजून पेटीत आणि अल्बममध्येच आहेत. भाऊबीजेला घर भरलेले असते. तेव्हा अल्बम काढावा, आईला शेजारी बसवावे, मोबाइलचे ध्वनिमुद्रण चालू ठेवावे आणि प्रत्येक फोटोच्या मागे नावे लिहून घ्यावीत. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब फोटोच्या पुढच्या बाजूला उमटतो.